भिंतीला वाफसा येईपर्यंत

माझी पहिली भिंत मअल्लेमनी त्याच संध्याकाळी खरवडून टाकली.

भिंत म्हणजे जेमतेम तीन फूट बाय दोन फुटांचा तुकडा, मराकेशच्या जुन्या शहरातल्या एका घराच्या तळमजल्यावर, न्हाणीघरात. सकाळी आठपासून मी त्यावर चुना चढवत आणि शेवटी तो दगडानं घोटत होते. चार वाजता त्यांनी करणीच्या पाच-सहा फटक्यांत तो खाली उतरवला. रागानं नाही. पडलेला चुना हातानं गोळा केला, घमेल्यात टाकला, वर ओलं पोतं घातलं. मअल्लेम म्हणजे उस्ताद. आपल्याकडे मिस्त्री म्हणतो तसंच, पण या शब्दाला तिथं मान जास्त आहे. ते दारिजा बोलायचे, मोरोक्कोची बोली अरबी, आणि मला तिचे वीस-पंचवीसच शब्द येत होते. दुभाष्या त्यांचा पुतण्या. तो म्हणाला, "काका म्हणतायत, दगड तासभर आधी लागला. बाकी सगळं बरोबर होतं."

बाकी सगळं बरोबर असूनही सगळंच काढावं लागलं होतं. तो एक तास ओळखायला मला पुढचे आठ दिवस लागले.

मी चुन्याचं काम गेली दहा-अकरा वर्षं करते. वाई-सातारा पट्ट्यातले जुने वाडे, एखाददुसरं देऊळ. त्यांचा पडलेला गिलावा पुन्हा चुन्यातच उभा करायचा. घाणीत मळलेला चुना, गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, हे सगळं हाताखालून गेलेलं. पण प्रत्येक वाड्यात एका दारापाशी येऊन मी थांबायचे, आणि ते दार न्हाणीघराचं. रोज दहा-पंधरा बादल्या पाणी जिथं भिंतीवर उडणार तिथं चुना टिकेल का, असं मालक विचारायचे आणि मला छातीठोकपणे हो म्हणता यायचं नाही. मग सिमेंट यायचं, त्यावर टाइल. टाइलच्या सांध्यांतून आत गेलेलं पाणी सिमेंटमागच्या मातीच्या भिंतीत कोंडून राहायचं आणि दोन पावसाळ्यांत पलीकडच्या खोलीत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटायचा. अख्खा वाडा चुन्यात करायचा आणि त्याच्या पोटात हे असं ओलं गळू ठेवून यायचं, याचा मला त्रास होत असे.

चुन्यानं पाणी अडवता येतं हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. १८व्या शतकात कात्रजहून पुण्यात आणलेलं पाणी ज्या हौदांत पडायचं, ते हौद चुन्यातच बांधलेले. आणि चुना घोटून आरशासारखा करता येतो हे बघायला छत्रपती संभाजीनगरला जाऊन बीबी का मकबऱ्यासमोर उभं राहिलं तरी पुरे. खालचा संगमरवर जिथं संपतो तिथून वर गिलावा सुरू होतो आणि लांबून डोळ्याला ते पटकन कळत नाही. पण पाणी अडवणं आणि घोटणं या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर करून दाखवणारं माणूस मला माझ्या भागात भेटलं नाही. मराकेशमध्ये ते काम आजही रोजच्या न्हाणीघरांत होतं असं समजल्यावर दोन वर्षं पैसे बाजूला टाकले आणि नोव्हेंबर २०२३मध्ये तीन आठवड्यांसाठी गेले.

त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, ८ सप्टेंबरला, तिथं भूकंप झाला होता. ६.८ तीव्रतेचा, केंद्र ॲटलास डोंगरात. डोंगरातली गावंच्या गावं गेली, जवळजवळ तीन हजार माणसं गेली. मराकेशमध्येही जुन्या शहराच्या गल्ल्यांतून लाकडाचे टेकू देऊन उभ्या ठेवलेल्या भिंती दिसत होत्या. जावं की नाही असं मी पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर आलं, या, कामाला हात हवेच आहेत.

या कामाचं नाव तादेलाक्त. शब्दाचं मूळ अरबी 'दलक' या धातूत: चोळणं, मळणं, रगडणं. त्याला अमाझिग भाषेचं, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळच्या बर्बर लोकांच्या भाषेचं वळण लागून तो तादेलाक्त झाला. हमामात अंग रगडून देणाऱ्यालाही त्याच धातूवरून दल्लाक म्हणतात. आपल्या भाषेत याला अगदी नेमका शब्द आहे: घोटणं. मराकेशला पहिल्याच दिवशी हा शब्द माझ्या वहीत पडला आणि पुढे मी मनात तादेलाक्त असं कधी म्हटलंच नाही, घोटाईच म्हणत राहिले.

पहिले दोन दिवस भिंतीला हात लावायचा नव्हता. फक्त चुना.

मराकेशचा चुना आपल्याकडच्या पांढऱ्याशुभ्र चुन्यासारखा नसतो. मळकट, साधारण ओल्या पिठाच्या रंगाचा. त्या भागातल्या चुनखडीत मुळातच थोडी माती आणि सिलिका असते. जुन्या पद्धतीच्या भट्टीत ती भाजली की सगळी सारखी भाजत नाही. काही पूर्ण, काही अर्धी, काही खडे तसेच राहतात. पूर्ण भाजलेला चुना हवा खाऊन हळूहळू घट्ट होतो. मातीबरोबर भाजलेला भाग पाण्यानंच आवळतो. आणि न भाजलेले बारीक खडे वाळूचं काम करतात. एकाच पोत्यात तिन्ही गोष्टी तयार, त्यामुळे वरच्या थरात वेगळी वाळू घालायची नाही. मला हे ऐकून आमच्या काळ्या रानातल्या चुनखडाची आठवण झाली. नांगरताना वर येणारे ते पांढरट गाठींचे खडे भाजून केलेल्या चुन्यातही मातीचा असाच अंश असतो, आणि दख्खनच्या जुन्या बांधकामांत तो वापरलेला आहे. घरचं धन शेतात पडलेलं होतं आणि मी राजस्थानातून पांढरा चुना मागवत होते.

चुना चाळून त्याचा ढीग केला, मधे आळं केलं, आळ्यात पाणी. क्षणभर काहीच नाही, मग ढीग श्वास घेतल्यासारखा हलायला लागला आणि वाफ सुटली. मअल्लेमनी मला हात धरून दोन पावलं मागं ओढलं आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. चुना विरताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ही गोष्ट मी माझ्या गवंड्यांना सांगून थकले आहे, तिथं त्यांनी मला न बोलता सांगितली. आपण चुना विरवून महिनाभर पाण्याखाली ठेवतो, जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. इथं एक रात्र, फार तर दोन. या चुन्यातला काही भाग पाण्यानं आवळणारा, जास्त दिवस ठेवला तर तो ढिगातच घट्ट होऊन बसेल.

रंग याच टप्प्यावर कालवायचा. आम्ही रहबा क़दीमा चौकाजवळच्या दुकानातून गेरू आणला. मराकेशच्या भिंती, तट, सगळं शहरच त्या लालसर मातीच्या रंगाचं आहे. चुन्यात मातीचे आणि लोखंडाच्या गंजाचे रंग टिकतात. फुलापानांचे रंग चुना खाऊन टाकतो. ओल्या चुन्यात रंग गडद दिसतो आणि वाळला की बराच उतरतो, म्हणून एका विटेवर फटकारा मारून ती विट चुलीपाशी वाळवायची, मग ठरवायचं. शिवाय एका भिंतीला लागणारा सगळा चुना एकाच वेळी कालवायचा. दुसरा घाणा कितीही मोजून केला तरी रंग जुळत नाही, आणि मधेच सांधा आला तर पाणीही तिथूनच शिरतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुतण्याच्या आईनं मला गल्लीतल्या हमामात नेलं. एकाआड एक खोल्या, प्रत्येक आधीपेक्षा गरम. आतल्या खोलीत दगडी फरशीवर बसून बादलीतलं पाणी घ्यायचं. तिथं अंगाला लावायला काळपट हिरवा, चिकट, मुरलेल्या गुळासारखा दिसणारा साबण दिला. साबून बेल्दी. ऑलिव्हच्या तेलाचा, वडीचा नाही, मऊ. तो लावून थोडा वेळ बसायचं आणि मग काथ्यासारख्या खरखरीत हातमोज्यानं अंग घासून काढायचं. मी भिंतीला टेकले आणि पाठीला काहीतरी वेगळं जाणवलं. भिंत गुळगुळीत होती, पण टाइलसारखी गार नव्हती. वाफेनं सगळी खोली भरलेली, तरी तिच्यावर पाण्याचे ओघळ नव्हते, नुसती बारीक दवासारखी ओल. कोपऱ्यात बोट घातलं तर कोपरा सापडेना. भिंत वळून दुसऱ्या भिंतीत जात होती. जे शिकायला आले होते त्याला मी अंगावर कपडा नसताना पाठ लावून बसले होते, आणि अंगाला लावलेला साबण उद्या-परवा त्याच चुन्याला लावायचा होता. पुतण्याच्या आईला मी हे खुणांनी सांगितलं. तिनं भिंतीवर हात थोपटला, मग माझ्या खांद्यावर थोपटला आणि हसली.

मग भिंत. खाली चुना-वाळूचा खरबरीत थर काही आठवड्यांपूर्वीच देऊन ठेवलेला होता. त्याला आदल्या रात्री पाणी, सकाळी पुन्हा पाणी, भिंत प्यायची थांबेपर्यंत. कोरड्या भिंतीवर चुना घातला तर ती त्यातलं पाणी ओढून घेते आणि पुढचं काहीच जमत नाही. पहिला हात लाकडी रंध्यानं, दाबून, चार-पाच मिलिमीटर. तो ओलसर असतानाच दुसरा, त्याहून पातळ. सगळं मिळून सेंटिमीटरच्या आत. मग रंध्यानं गोल गोल फिरवत दाबत राहायचं. या दाबण्यानं खडे आत बसतात आणि बारीक चुना साईसारखा वर येतो. ही साय म्हणजेच तादेलाक्त. पुढचं सगळं काम त्या सायीला मोडू न देता तिच्यातली सूक्ष्म छिद्रं बंद करण्याचं. आधी लवचिक प्लॅस्टिकच्या पट्टीनं, आणि शेवटी मुठीत बसेल एवढ्या गुळगुळीत कठीण दगडानं.

मअल्लेमकडे असे चार दगड होते, एका फडक्यात गुंडाळलेले. कामाआधी प्रत्येक दगड ते खालच्या ओठावरून फिरवून बघायचे. बोटाला न कळणारी खाच ओठाला कळते. एक खाच दगडात राहिली तर भिंतीवर तिचे हजार ओरखडे उठतात.

पहिल्या दिवशी मी दगड लवकर लावला. साय अजून सैल होती. दगडाबरोबर ती सरकली, सुरकुतली, मागे बारीक फाटली. दुसऱ्या तुकड्याला मी मुद्दाम थांबले. पण त्या दुपारी कोरडा वारा सुटला आणि अंगणाकडची खिडकी बंद करायचं मला सुचलं नाही. पाऊण तासात भिंत वाळून हातची गेली. दगड लावला तर खर्र खर्र आवाज यायला लागला, चकाकी येईना, पांढरट भुकटी गळायला लागली, आणि संध्याकाळपर्यंत केसाएवढ्या भेगांची जाळी उमटली. उन्हाळ्यात पूर्वेकडून येणाऱ्या शेरगी नावाच्या गरम वाऱ्यात मअल्लेम हे काम हातातच घेत नाहीत, असं पुतण्यानं तेव्हा सांगितलं. तोही तुकडा खरवडला.

मी विचारत राहिले, किती वेळ थांबायचं? दीड तास? दोन? वहीत मी वेळा लिहिल्या होत्या, तापमान लिहिलं होतं. मअल्लेम प्रत्येक वेळी एकच करायचे: हाताची पालथी बाजू भिंतीला टेकवायची, डोळे मिटायचे, मान हलवायची. "श्विया बि श्विया, बेन्ती." हळूहळू, मुली. आणि "सबर". तो शब्द मला सांगायला पुतण्याची गरज नव्हती, आमच्याकडे तो सबुरी होऊन राहिलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला गावी फोन केला. तिथं रात्रीचे साडेआठ वाजले असतील. बाबांना विचारलं, हरभरा पेरला का. म्हणाले, "कुठला! परवा अवकाळी पाऊस झाला. रानात पाय ठेववत नाही. वाफसा यायला पाच-सहा दिवस जातील."

वाफसा. मी फोन ठेवला आणि त्या खोलीतल्या खाटेवर तशीच बसून राहिले. लहानपणापासून बघत आलेली गोष्ट. पाऊस उघडल्यावर बाबा रोज सकाळी रानात जायचे, मूठभर माती उचलून तिचा गोळा वळायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. गोळा चप्पकन बसला तर रान अजून ओलं. गोळा वळलाच नाही तर उशीर झाला. वळला आणि पडल्यावर मोकळा झाला, तर वाफसा आला, पाभर धरायची. ओलही नाही, कोरडही नाही. किती दिवसांनी येईल हे कुणी सांगू शकत नाही, कारण ते पावसावर, वाऱ्यावर, उन्हावर आणि मुख्य म्हणजे त्या रानाच्या जातीवर ठरतं. शेजारच्या मुरमाड वावराला दोन दिवसांत येतो, आमच्या काळ्या रानाला सहा लागतात. मी घड्याळाला विचारत होते. बाबांनी वाफशाची वेळ कधी घड्याळात बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी मअल्लेमना सांगितलं, पुतण्याच्या मदतीनं, अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखालची माती मुठीत घेऊन. ते मराकेशच्या भोवतालच्या हौज़ मैदानातल्या गावचे, घरी बार्ली आणि ऑलिव्ह. त्यांनी माझ्या हातातला गोळा घेतला, स्वतः सोडून बघितला, आणि पहिल्यांदाच दुभाष्याची वाट न बघता माझ्याशी भराभर बोलायला लागले. मला त्यातलं फारसं कळलं नाही. पुतण्या म्हणाला, काका म्हणतायत, त्यांचे वडीलही हेच करायचे, आणि इतक्या वर्षांत शिकायला आलेल्या कुणीही त्यांना शेतातलं काही विचारलं नव्हतं.

तिसरा तुकडा. खिडक्या बंद, दारावर ओलं गोणपाट. दुसरा हात चढवून झाल्यावर मी करणी ठेवली आणि दर थोड्या वेळानं पालथा हात लावत राहिले. सुरुवातीला हाताला ओल लागते आणि चुन्याचा पांढरट ठसा उठतो. मग ठसा उठेनासा होतो, पण गारवा तसाच. मग असा क्षण येतो की बोट दाबलं तर चुना दबत नाही, बोटाला काही चिकटत नाही, आणि तरी भिंत आतून थंड, जिवंत लागते. तिथं पट्टी. पट्टीनंतर पुन्हा थांबणं. मग कोपऱ्यात, जिथं बिघडलं तरी दिसणार नाही अशा जागी, दगड. दगडाचा आवाज ऐकायचा. लवकर असेल तर आवाजच नसतो, दगड लोण्यात फिरल्यासारखा मुका जातो. उशीर झाला असेल तर खर्र. आणि वाफशावर असेल तर एक बारीक, ओला, घासलेल्या पितळेसारखा चुंईं आवाज, आणि दगडाच्या मागे भिंत काळी पडल्यासारखी चकाकत जाते.

तो आवाज आल्यावर मग थांबायचं नाही. अंगठ्याएवढ्या गोल-गोल फेऱ्या, एकीवर एक चढवत. त्या दिवशी साडेबाराला दगड धरला तो सहा वाजता ठेवला. सहा चौरस फुटांना साडेपाच तास. खांदा आणि मनगट दोन्ही सुजले. पण मअल्लेमनी कंदील भिंतीला लावून तिरपा धरला आणि त्या उजेडात प्रत्येक फेरीची खळी दिसली, वाऱ्यानं हललेल्या तळ्यासारखी. यंत्रानं असं होत नाही. म्हणूनच खरं तादेलाक्त ओळखायचं असेल तर भिंतीवर तिरपा उजेड टाकून बघा. जुनी घरं विकत घेऊन अतिथिगृहं करायची लाट मराकेशमध्ये आल्यापासून सिमेंटवर रंग आणि मेण चढवून तेच नाव देणारेही पुष्कळ झालेत. त्या भिंती एकसारख्या सपाट चमकतात आणि पाणी आत गेलं की पापुद्रे सोडतात. त्या कामाला हे नाव दिलेलं मला बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबण. भिंत अजून पूर्ण वाळलेली नसतानाच. एक भाग साबून बेल्दी, सुमारे दहा भाग कोमट पाणी, ब्रशनं लावायचं आणि वरून पुन्हा दगड. साबणाचं पाणी ओघळत राहतं, दगड फिरतो, आणि काही वेळानं ओघळ थांबून पाण्याचे थेंब व्हायला लागतात.

इथं जे घडतं ते आपल्या बोअरवेलवाल्या गावांत प्रत्येकानं बघितलंय. जड पाण्यात साबण फेसाळत नाही, फाटतो. बादलीच्या कडेला पांढरट, चिकट थर बसतो आणि तो नुसत्या पाण्यानं धुऊन जात नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियमनं साबण पकडला की न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो, तोच तो थर. आंघोळीच्या बादलीतली ही कटकट भिंतीवर मुद्दाम घडवून आणायची. चुना म्हणजे कॅल्शियमच. ऑलिव्हच्या तेलाचा पोटॅशचा साबण त्याच्यावर रगडला की भिंतीच्या वरच्या छिद्रांमध्ये तोच न विरघळणारा थर धरतो. पाणी थेंब होऊन सरकतं, पण वाफ आत-बाहेर जाऊ शकते. भिंत कोंडत नाही. माझ्या न्हाणीघरांना नेमकं हेच हवं होतं. पण भिंत घोटून छिद्रं आधीच बारीक केली नसतील तर नुसता साबण काही करत नाही. हे मी दुसऱ्या दिवशीच्या, खरवडण्याआधीच्या भेगाळ तुकड्यावर गुपचूप साबण लावून बघितलं होतं. पाणी टिपकागदासारखं आत गेलं.

यानंतर महिनाभर भिंतीवर पाणी टाकायचं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगड होत राहतो. मी माझ्या तुकड्यावर पाणी ओतलेलं बघितलं नाही. तोवर परत आले होते. मअल्लेमनी त्यांच्या घरातलं हात धुवायचं भांडं दाखवलं, भिंतीतूनच उमलल्यासारखं बाहेर आलेलं, बरीच वर्षं वापरातलं. त्यात रात्रभर पाणी भरून ठेवलं होतं आणि सकाळी पातळी तिथंच होती.

दुखणं कुठं आहे तेही त्यांनी दाखवलं. भूकंपात एका घराच्या घोटलेल्या भिंतीला तिरपी भेग गेली होती. भेग बुजवता येते, पण ठिगळ दिसतंच. मालकाची तयारी असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत नव्यानं करायची. त्या भिंतीवर मी दोन दिवस त्यांच्या हाताखाली पाणी मारायचं आणि चुना पुरवायचं काम केलं. घरातली म्हातारी बाई रोज चहा आणून द्यायची आणि भेगेवरून बोट फिरवायची. तिला ठिगळ नको होतं.

गावी आल्यावर पहिले सहा महिने नमुन्यांत गेले. चुनखड भाजून देणारी भट्टी आता आमच्या भागात नाही, म्हणून पांढरा चुना विरवून मुरवला, त्यात पाण्यानं आवळणारा अंश यावा म्हणून विटांची सुरखी, म्हणजे बारीक पूड, घातली, आणि खड्यांच्या जागी संगमरवराची भुकटी. दोन घमेली चुना, दोन घमेली भुकटी, अर्धं घमेलं सुरखी इथवर येईपर्यंत अकरा नमुने झाले. याला मी तादेलाक्त म्हणत नाही. मराकेशचा चुना नाही तर ते तादेलाक्त नाही. घोटीव गिलावा म्हणते. साबण म्हणून तिथून आणलेला दोन किलो बेल्दी संपल्यावर, घरगुती साबण करणाऱ्या ओळखीच्या बाईंकडून शेंगदाण्याच्या तेलाचा पोटॅशचा मऊ साबण करून घेतला. या तेलातही ऑलिव्हसारखं ओलेइक आम्ल भरपूर असतं, आणि तो बरा धरला. घोटायला नदीतली गारगोटी.

पहिली खरी भिंत आमच्याच घरच्या न्हाणीची, ऑगस्ट २०२४मध्ये. सहा फूट बाय चार. पावसाळ्याची दमट हवा चुन्याला मानवते, पण वाफसा यायला मराकेशपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. दुपारी तीन झाले तरी दगड लावता येईना. मला घाई झाली होती, माणसं खोळंबली होती. बाबा दारात येऊन उभे राहिले. काय बघतेयस, म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी चप्पल काढली, आत आले, पालथा हात भिंतीला लावला, बराच वेळ ठेवला.

"नाही अजून. दिवे लागणीला येईल."

पावणेसातला गारगोटीनं आवाज दिला. रात्री साडेबारापर्यंत आम्ही तिघं आळीपाळीनं घोटत होतो; मी, माझा गवंडी आणि बाबा.

सप्टेंबरच्या अखेरीस पाणी ओतलं. भिंत घेत नाही. दिवाळीच्या सफाईत मात्र घरच्याच एका माणसानं नेहमीच्या सवयीनं फरशीवर ॲसिड ओतलं आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याचे शिंतोडे उडाले. चुन्याला आम्लाचा स्पर्श चालत नाही, लिंबू-व्हिनेगरसुद्धा नाही. तिथं साखर विरघळल्यासारखे खड्डे पडले. सात-आठ ठिपके, अजून आहेत. आता या कामाची मागणी घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, तुमच्याकडे न्हाणी कशानं धुतात? ॲसिडची बाटली घरात राहणार असेल तर मी टाइलच लावा म्हणून सांगते. खाली फरशीही घोटीव करू नका म्हणते, पाय घसरतो आणि ती झिजते. भिंत, कोनाडा, हौद, हात धुवायचं भांडं, इथवरच हे काम शोभतं.

भिंतीला दर तीन-चार महिन्यांनी पातळ साबणाचं पाणी द्यायचं ठरवलंय. परवा तिसऱ्यांदा दिलं. ठिपक्यांच्या जागी दगड फिरवला तेव्हा तो खरखरला, आणि त्यांच्याभोवती, जिथं बाबांनी घोटलं होतं तिथं, गारगोटी चुंईं करून निघून गेली.